दक्षिणेचे आकाश मोकळे हवे

ब्रिटनमधील एखाद्या कॅम्पसाइटवर उन्हाळ्याच्या दिवसांत संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास उभे राहिले, तर एक गमतीचे दृश्य दिसते. एकामागून एक मोटरहोम येतात. नेमून दिलेल्या जागेवर गाडी उभी राहते, चालक खाली उतरतो आणि चहाचे आधण ठेवण्यापूर्वी आकाशाकडे पाहतो. ढग किती जमले आहेत, हे तो पाहत नसतो. त्याच्या हाती होकायंत्र असते आणि त्याची नजर दक्षिण आणि आग्नेय यांच्या मधल्या एका विशिष्ट ठिकाणी लागलेली असते. तेथे झाड आड येते काय, टेकडी येते काय, की शेजाऱ्याची उंच गाडी येते, याचा तो अंदाज घेतो. समाधान झाले नाही, तर गाडी पुन्हा सुरू करून दहा-वीस फूट पुढे घेतो. हा सगळा खटाटोप टीव्हीसाठी असतो.

मूळच्या बार्शीच्या एका कुटुंबाला गेल्या जूनमध्ये या खटाटोपाची ओळख झाली. बार्शीला त्यांचे आडतीचे दुकान. मुलगा वीस वर्षांपासून लेस्टरला स्थायिक आहे. वडील, म्हणजे घरातल्या सर्वांचे अण्णा, पंचाहत्तरीचे. आदल्या वर्षी त्यांच्या पत्नी निवर्तल्या आणि बार्शीच्या मोठ्या घरात ते एकटेच उरले. मुलाने आग्रह करून त्यांना चार महिन्यांसाठी लेस्टरला आणले होते. चातुर्मासात गावाची वेस ओलांडायची नाही हा अण्णांचा जुना नेम. तो परदेशातही पाळायचा, म्हणून स्कॉटलंडचा प्रवास आषाढापूर्वीच करायचे ठरले. हॉटेलात उतरायचे, तर कांदा, लसूण, बटाटा नसलेले जेवण रोज कोठे शोधणार? मोटरहोममध्ये शेगडी, शीतकपाट, पाण्याची टाकी, झोपण्याची व्यवस्था सारे असते. सूनबाईंनी मूगडाळ, पोहे, खाकरे आणि थालीपिठाची भाजणी भरून घेतली आणि स्वयंपाकघराचा प्रश्न एका फटक्यात मिटला.

टीव्हीचा प्रश्न मात्र वादाचा ठरला. भाड्याच्या गाडीबरोबर बारा व्होल्टवर चालणारा छोटा टीव्ही होताच. तिपाईवर बसवायची डिश आणि सेट टॉप बॉक्स थोडे अधिक भाडे भरून मिळत होते. मुलाचे म्हणणे असे, की निसर्ग पाहायला निघायचे आणि डबा उघडून बसायचे, याला काय अर्थ? रोज एवीतेवी पाहतोच ना? सूनबाईंनी शांतपणे सांगितले, ‘‘अण्णा टीव्ही पाहत नाहीत, ऐकतात.’’ तिने जे टिपले होते ते खरे होते. पत्नीच्या निधनानंतर रात्री घरात माणसाचा आवाज हवा म्हणून अण्णा टीव्ही लावून ठेवीत. भाषा कळो न कळो, बातम्या असोत की प्रश्नमंजूषा, आवाज मंद ठेवून ते आरामखुर्चीत बसत आणि दहाच्या सुमारास कधी तरी डोळा लागे. टीव्ही बंद केला की जागे होत. मोबाइलवर सारे काही दिसते, हा आजचा युक्तिवाद डोंगराळ मुलखात टिकत नाही. स्कॉटलंडच्या कित्येक दऱ्यांमध्ये फोन करण्याइतकीही रेंज नसते. डिश गाडीत चढली.

निघण्यापूर्वी सर्वांनी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील जैन सेंटरमध्ये दर्शन घेतले. एके काळी ख्रिस्ती प्रार्थनागृह असलेल्या या वास्तूत १९८८ साली प्रतिष्ठा झाली. आत नक्षीदार खांबांचे जिनालय आहे, स्थानकवासी उपाश्रय आहे, दिगंबर मंदिर आहे, श्रीमद राजचंद्र ज्ञानमंदिरही आहे. आपल्याकडे एका गल्लीत ज्यांची चार दारे असतात, ते येथे एका छताखाली नांदतात. खिडक्यांच्या रंगीत काचांवर भगवान महावीरांच्या जीवनातील प्रसंग आहेत. काच विलायती पद्धतीची आणि विषय आपला. अण्णा त्या काचांपुढे बराच वेळ उभे होते.

डिशची पहिली चाचणी घरासमोरच झाली. अण्णांनी ती पाहिली आणि म्हणाले, ‘‘ही तर जमिनीकडे बघतेय. हिला आकाश कसं दिसणार?’’ बार्शीच्या गच्चीवरची छत्री चांगली वर तोंड करून असते. ही मात्र भिंतीसारखी सरळ उभी होती. शंका रास्त होती आणि तिच्या उत्तरात या विषयाचे मर्म आहे.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवरून पृथ्वीला एक फेरी घालण्यास त्यांना पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतकाच वेळ लागतो, म्हणून खालून पाहणाऱ्याला ते एका जागी खिळल्यासारखे वाटतात. आपण विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे आपला उपग्रह डोक्यावर. दूरदर्शनची मोफत डिश ज्या उपग्रहाकडे पाहते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि बार्शीहून तो क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंच, जवळजवळ नेमक्या आग्नेयेला असतो. ब्रिटनची मोफत चॅनेले देणारे अ‍ॅस्ट्रा उपग्रह २८.२ अंश पूर्वेला आहेत. लेस्टरहून ते अवघे २४ अंश उंच दिसतात, आणि जसजसे उत्तरेला जावे तसतसे आणखी खाली झुकतात. फोर्ट विल्यमला १९ अंश, तर ब्रिटनच्या उत्तर किनाऱ्यावर जेमतेम १८. हात लांब करून मुठीवर मूठ ठेवली, तर एका मुठीचा सुमारे दहा अंश हिशेब धरतात. म्हणजे बार्शीला क्षितिजापासून सहा मुठी, लेस्टरला अडीच आणि उत्तर किनाऱ्यावर दोनालाही थोड्या कमी. राहिला छत्रीच्या तोंडाचा प्रश्न. आजच्या डिशचा ग्राहक, ज्याला एलएनबी म्हणतात, मध्यभागी नसून खालच्या अंगाला असतो. अशी डिश आपल्या तोंडासमोरचे नव्हे, तर त्याहून वीस-पंचवीस अंश वरचे आकाश पाहते. म्हणून इंग्लंडमध्ये ती सरळ उभी दिसते. अण्णांना हे पटले. तराजूची दांडी सरळ दिसली म्हणजे माप सरळ असतेच असे नाही, एवढे आडत्याला कोणी शिकवावे लागत नाही.

उपग्रहाचा कोन कळला की अडथळ्याचा हिशेब सोपा होतो. दहा मीटर उंचीचे झाड बार्शीला डिशपासून सहा मीटरांवर असले तरी चालते. लेस्टरला तेच झाड सुमारे साडेबावीस मीटर दूर हवे आणि ग्लेन्कोला जवळजवळ तीस मीटर. अण्णांनी हे आकडे नातीच्या वहीत लिहवून घेतले. पुढे प्रत्येक मुक्कामावर ती वही निघत असे.

पहिला मुक्काम विंडरमियरला, इंग्लंडच्या सरोवरांच्या प्रदेशात. पोहोचण्यास उशीर झाला होता आणि पाऊस चालू होता, म्हणून डिश न काढता गाडीच्या छतावरील साध्या अँटेनावरच काम भागवायचे ठरले. ब्रिटनमध्ये उपग्रहाखेरीज जमिनीवरील मनोऱ्यांवरूनही डिजिटल टीव्ही मोफत मिळतो. २००२ पासूनची ही सेवा फ्रीव्ह्यू नावाने ओळखली जाते; उपग्रहावरची फ्रीसॅट २००८ ची. फ्रीव्ह्यूसाठी देशभर एक हजाराहून अधिक मनोरे आहेत. थोडे मोठे, बाकीचे सारे लहान, डोंगरांमागच्या गावांना मोठ्या मनोऱ्याचा कार्यक्रम पुढे पोचवणारे. प्रत्येकाच्या लहरी वेगळ्या. त्यामुळे मुक्काम बदलला की टीव्हीला चॅनेले पुन्हा शोधायला लावावी लागतात. लेस्टरला वॉल्थमच्या मनोऱ्यावर ऐंशीच्या आसपास चॅनेले पाहणाऱ्या माणसाला दरीतल्या लहान मनोऱ्यावर त्यांतली थोडीच मिळतात.

अँटेना कोठे वळवायचा, हे ओळखण्याची एक युक्ती जुने प्रवासी सांगतात आणि ती कोणत्याही यंत्राहून सोपी आहे. गावातल्या घरांची छपरे पाहावीत. सगळ्यांचे अँटेने ज्या दिशेला, त्या दिशेला आपला. त्यांच्या काड्या आडव्या असतील, तर बहुधा मोठा मनोरा. उभ्या असतील, तर बहुधा लहान. विंडरमियरच्या छपरांवर त्या उभ्या होत्या. मुलाने आपला अँटेना तसा उभा वळवला आणि चित्र आले. परक्या गावात चालरीत कळत नसेल, तर चार घरे कशी वागतात ते पाहावे, हा अण्णांचा शेरा.

पावसाचा जोर वाढला तसे चित्र तुटू लागले. आधी चौकोन, मग थांबलेला चेहरा, मग काळा पडदा. आपल्या पिढीला टीव्हीवरच्या मुंग्या ठाऊक आहेत. गच्चीवर एक जण अँटेना फिरवतोय, जिन्यात दुसरा, खोलीत तिसरा, आणि ‘आलं का?’, ‘थोडं मागं’, ‘गेलं, गेलं!’ असा पुकारा चालू आहे, हे ऐंशीच्या दशकातल्या प्रत्येक घरातले चित्र. मुंग्यांतूनही रामायण दिसत असे. अर्धे दिसले तरी पुरत असे. डिजिटल सिग्नल अर्धे काही देत नाही. पुरेसा असला तर निर्मळ, नाही तर शून्य. ब्रिटनने जुने प्रक्षेपण टप्प्याटप्प्याने बंद केले. त्याची सुरुवात २००७ च्या अखेरीस याच कम्ब्रियातील व्हाइटहेवन या किनाऱ्यावरच्या गावापासून झाली आणि २०१२ च्या ऑक्टोबरात उत्तर आयर्लंडमध्ये शेवट झाला. तेव्हापासून या देशात मुंग्या उरल्या नाहीत.

लॉक लोमंडच्या काठावर दुसराच धडा मिळाला. जागा अप्रतिम. समोर पाणी, मागे ओक आणि बर्च वृक्षांची दाटी. त्या दाटीतच आग्नेय दिशा हरवली होती. जूनमधले ओले, पानांनी भरलेले झाड उपग्रहाच्या लहरींना भिंतीसारखे आडवे येते. हिवाळ्यात तीच जागा चालून जाते. शेजारच्या मोटरहोममध्ये यॉर्कशरचे एक निवृत्त दांपत्य होते. त्यांच्या गाडीवर स्वतः उपग्रह शोधणारी डिश होती. बटण दाबले की ती उठते, फिरते, थांबते. किंमत हजार पौंडांच्या वर; तिपाईची साधी डिश शंभर-दीडशेत येते. त्या सद्‌गृहस्थांनी हसून सांगितले, की हजार पौंडांच्या डिशलाही झाड आडवे आले की झाडच जिंकते. साध्या डिशची तिपाई तरी तीस मीटर तार ओढून मोकळ्यावर नेता येते. अखेर तेच केले. पाण्याच्या काठावर तिपाई रोवली, वाऱ्याने उलटू नये म्हणून तिच्या पोटाशी पाण्याने भरलेला कॅन टांगला, होकायंत्राने १४२ अंश धरले आणि केसभर केसभर सरकवत सिग्नल पकडला. होकायंत्र गाडीच्या पत्र्याजवळ धरले की चुकते, हे तेथेच उमगले.

या दांपत्याकडून दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या. त्यांच्या लहानपणी, १९६९ च्या मार्चमध्ये, एम्ली मूरचा ३८६ मीटर उंच पोलादी मनोरा बर्फाच्या भाराने कोसळला. कोणाला इजा झाली नाही, मात्र लाखो घरांचे टीव्ही अंधारले. आज तेथे त्याच्या जागी काँक्रीटचा बुरूज आहे. दुसरी गोष्ट स्पेनची. हिवाळा स्पेनमध्ये उबेला घालवणारे ब्रिटिश हजारोंनी आहेत आणि एके काळी त्यांना साध्या डिशवर घरचा टीव्ही दिसत असे. २०१४ च्या सुमारास नव्या उपग्रहांवरून ब्रिटनची मोफत चॅनेले ब्रिटन-आयर्लंडपुरत्या अरुंद झोतात सोडली जाऊ लागली. कार्यक्रमांचे हक्क देशापुरतेच घेतलेले असतात, हे त्यामागचे व्यापारी कारण. उत्तर फ्रान्सपर्यंत ठीक चालते, दक्षिण स्पेनमध्ये माणसाहून उंच डिश लावावी लागते. मोटरहोमवर ती कोण वाहणार? आकाशाला कुंपण नसते असे म्हणतात. व्यापाऱ्याने घातले तर तेथेही पडते.

परवान्याचेही तेव्हाच निघाले. ब्रिटनमध्ये टीव्ही पाहण्यास वार्षिक परवाना लागतो, एप्रिल २०२५ पासून त्याचे १७४.५० पौंड पडत होते. घरचा परवाना फिरत्या गाडीलाही चालतो. अण्णांना पोस्टातले रेडिओच्या परवान्याचे पुस्तक आठवले. आपल्याकडे ते केव्हाच संपले; येथे अजून चालू आहे, आणि बीबीसीचा मुख्य खर्च त्यावरच चालतो.

मग ग्लेन्को. रॅनक मूरचे ओसाड पठार ओलांडून रस्ता दरीत उतरतो आणि दोन्ही बाजूंनी डोंगर अंगावर येतात. १६९२ च्या फेब्रुवारीत याच दरीत मॅक्डॉनल्डांच्या घरी पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी आपल्याच यजमानांची कत्तल केली. ज्यांचे अन्न खाल्ले त्यांच्यावर हात उचलणे, ही गोष्ट या मुलखाने तीनशे वर्षांत पचवलेली नाही. दरीच्या दक्षिणेला ‘तीन बहिणी’ नावाचे सुळके आणि त्यांमागे ११५० मीटरांचे बिदियन नाम बियन. मुक्काम त्यांच्या पायथ्याशी.

नातीने वही काढली. दोन किलोमीटरांवर हजार मीटर चढणारा डोंगर म्हणजे सव्वीस अंश. उपग्रह एकोणीसवर. गणित संपले. तरीही मुलगा तासभर तिपाई घेऊन हिंडला. छतावरच्या अँटेनानेही हात टेकले. फोनला रेंज नव्हती. विजेची जोडणी नसलेली ती जागा होती, पण वीज हा प्रश्नच नव्हता. बारा व्होल्टचा लहान टीव्ही तासाला दोन-अडीच अँपिअर घेतो. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीतले निम्मे वापरायचे ठरवले, तरी तीन तासांच्या टीव्हीला त्यातले सात-आठच जातात. भांडवल भरपूर आणि माल नाही, असा प्रकार.

अण्णांचा चौविहार सात वाजताच झाला होता. खरे तर जूनमध्ये तेथे सूर्य दहा वाजून गेल्यावर मावळतो. नियम घड्याळाचा नाही, सूर्याचा. सूनबाईंनी हे दोनदा सुचवूनही अण्णांनी बार्शीची सातची वेळ सोडली नव्हती. सामायिक झाले. नात झोपली. मुलाने अपराध्यासारखे म्हटले, ‘‘अण्णा, आज काही जमलं नाही.’’

‘‘डोंगराला काय सांगायचं,’’ अण्णा म्हणाले, आणि शाल घेऊन बाहेर खुर्चीत बसले. मुलगाही दुसरी खुर्ची घेऊन शेजारी बसला. साडेदहा वाजले तरी डोंगरकड्यांवर उजेड होता. कोठे तरी ओढा वाहत होता आणि त्याशिवाय कसलाही आवाज नव्हता.

बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, ‘‘तुझ्या आईला हा उजेड चालला नसता. दिवा मालवल्याशिवाय तिला झोप नव्हती. आणि मला दिव्याशिवाय.’’ गेल्या वर्षभरात मुलापाशी त्यांनी काढलेला हा तिचा पहिला विषय. मग दुकानातल्या एका जुन्या वहीचे निघाले, जी तिनेच लपवून ठेवली होती. मग तिच्या शेवटच्या आजारातल्या एका निर्णयाचे, ज्याबद्दल बाप-लेक एकमेकांवर मनातून नाराज होते. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचे की नाही, असा तो प्रश्न होता. मुलाने फोनवरून ‘न्या’ म्हटले होते. अण्णांनी नेले नव्हते. कोण बरोबर होते, हे त्या रात्री ठरले नाही. ते बोलले गेले, इतकेच. आत आले तेव्हा पावणेबारा झाले होते.

पुढचे दोन दिवस उत्तरेकडचे, आणि डर्नेस आले. ब्रिटनच्या मुख्य भूमीचा हा वायव्य कोपरा. कॅम्पसाइट कड्यावर, खाली पांढऱ्या वाळूचा किनारा, जवळच समुद्राने आणि ओढ्याने मिळून कोरलेली स्मूची प्रशस्त गुहा. येथे झाड नावाला नाही. डोंगर आहेत ते दूर, क्षितिजाशी चार-पाच अंश उचललेले. दक्षिणेचे आकाश सगळे मोकळे. वारा मात्र असा, की तिपाईला एकाऐवजी दोन कॅन बांधावे लागले. अठरा अंशांवरचा उपग्रह पाच मिनिटांत सापडला.

एक मौज येथे लक्षात आली. मनोऱ्यावरून येणारा टीव्ही जेथे उभे असाल तेथला असतो. तेथल्या बातम्या, तेथला पाऊस. उपग्रहाच्या पेटीत मात्र घरचा पिनकोड भरलेला असतो आणि ती कोठेही नेली तरी घरचाच टीव्ही दाखवते. बाहेर अटलांटिकचा वारा गाडी हलवत होता आणि पडद्यावर लेस्टरच्या रस्त्यांची कोंडी सांगितली जात होती. डर्नेसला उद्या काय होणार, हे कॅम्पसाइटच्या कचेरीतल्या फळ्यावर खडूने लिहिले होते.

चॅनेले बदलता बदलता एक निराळीच भाषा लागली. स्कॉटलंडच्या गेलिक भाषेचे बीबीसी अल्बा हे चॅनेल २००८ पासून चालते. २०२२ च्या जनगणनेत ही भाषा बोलू शकणारे सुमारे ७० हजार निघाले. बार्शी शहराच्या लोकसंख्येहूनही कमी. तेवढ्यांसाठी बातम्या, मुलांचे कार्यक्रम, गाणी, सारे काही. पडद्यावर एक म्हातारी स्त्री गात होती आणि भोवती बसलेल्या बायका ओल्या लोकरीचे कापड मेजावर आपटत ताल धरीत होत्या.

‘‘आजोबा, तुम्हांला कळतंय का काही?’’ नातीने विचारले.

‘‘एक अक्षर नाही. तुझ्या आजीच्या माहेरी मी पहिल्यांदा टीव्ही पाहिला, तेव्हाही असंच होतं.’’

हे तिच्या वडिलांनाही ठाऊक नव्हते. आजीचे माहेर विजापूर जिल्ह्यातले, घरची बोली कानडी. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह भारताने वापरास घेतला होता आणि सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत त्यावरून टीव्ही दाखवला जात होता. कर्नाटकात विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हे त्यात होते. अण्णा त्याच वर्षी दिवाळसणाला सासुरवाडीला गेले. शाळेच्या आवारात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची, दहा फूट व्यासाची छत्री होती. अंधार पडला की सारे गाव पटांगणात जमे. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे. कार्यक्रम कानडीत आणि जावईबापूंना कळेना. बरोबरीचे मेहुणे हसत तेव्हा तेही हसत. काय होते ते रात्री घरी गेल्यावर तिने सांगितले: ज्वारीवरच्या किडीचे औषध.

‘‘मग तो टीव्ही?’’

‘‘वर्ष संपल्यावर उपग्रह परत नेला. तुझी पणजी म्हणायची, उसनं आणलेलं भांडं होतं, ज्याचं त्याने नेलं.’’ अण्णांनी आवाज किंचित वाढवला. आजारपणात अखेरच्या दिवसांत ती कानडीच बोलू लागली होती, हे त्यांनी नातीला सांगितले नाही. मुलाकडे पाहून ते एवढेच म्हणाले, ‘‘शेवटी मला बरंचसं कळायला लागलं होतं.’’

परतीचा प्रवास इन्व्हरनेसवरून घाईने झाला. त्यात सांगण्यासारखे फारसे नाही. शेवटची रात्र पुन्हा कम्ब्रियात, पेन्रिथजवळच्या एका शेतावर. मुलगा दिवसभर गाडी चालवून थकला होता. तो उतरण्यापूर्वीच अण्णा तिपाई काढून खाली उतरले. त्यांनी गाडीपासून दूर जाऊन होकायंत्र धरले, हात लांब करून दोन मुठी मोजल्या, समोरच्या हॉथॉर्नच्या कुंपणाचा अंदाज घेतला आणि चार पावले डावीकडे सरकले. नात आत टीव्हीपाशी बसली.

‘‘आलं का?’’

‘‘नाही. थोडं डावीकडे, आजोबा.’’

‘‘आता?’’

‘‘आलं... गेलं, गेलं! मागे घ्या. हळू!’’

लेस्टरमध्ये जन्मलेल्या त्या मुलीला हे शब्द कोणी शिकवले नव्हते. शेजारच्या गाडीतले लोक खिडकीतून पाहत होते.

‘‘आलं!’’

लेस्टरला उद्या दुपारनंतर पाऊस होता. सूनबाईंनी दारातूनच विचारले, की सात वाजले, पान वाढू का? अण्णांनी तिपाईच्या पोटाशी पाण्याचा कॅन बांधला, गाठ ओढून पाहिली, हात पुसले आणि पश्चिमेकडे पाहिले. सूर्य अजून चांगला दोन मुठी वर होता. ‘‘होऊ दे सावकाश,’’ ते म्हणाले, ‘‘अजून वेळ आहे.’’